चार बोटं पाणी

“मास्तरनी, आजचां काम फुडे ढकलूया काय?”

वैशाखातल्या अमावास्येची सकाळ होती. साडेसहा वाजले असतील. गुणाजीकाका माझ्या खोलीच्या पायरीपासून चार पावलं लांब, अंगणातल्या माडाला टेकून उभे होते. एरवी ते सरळ ओटीवर येऊन बसत आणि चहा उकळेपर्यंत माझ्या मातीच्या पिशव्यांना नावं ठेवत. “सोन्याची खाण गावली काय गो?” हे रोजचं ठरलेलं.

“पुढे म्हणजे किती?” मी विचारलं.

“धा-बारा दीस. भांगाक करूया. आज उधाण आसा. इतक्या पाण्यात ती जमीन एकदम बुडवची नसता.”

उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान. सहा महिन्यांत एवढं मी शिकले होते.

“भांग आठ दिवसांवर आहे, काका. दहा-बारा का?”

ते खाली बघत राहिले. मी चहाचा कप पुढे केला.

“नको. पोट बरां नाय.”

मला राग आला. अकरा वाजता जिल्ह्याहून पाहुणे येणार होते. बांधाजवळ जेसीबी आदल्या दिवशीच येऊन उभा होता. बारा वाजून दहा मिनिटांनी भरती पूर्ण होणार, हे मी तक्त्यावरून तीनदा ताडून पाहिलं होतं. कांदळाच्या शेंगा पिकून गळायला लागल्या होत्या, आणि त्या पाण्याबरोबर आत यायच्या तर मोठं पाणीच हवं होतं. हे सगळं मी त्यांना एका दमात सांगितलं.

“आणि तुम्ही हात लावल्याशिवाय गाव बांधाला हात लावू देणार नाही,” मी म्हणाले. “शब्द तुम्ही दिलाय, काका. माघात, मांडावरच्या सभेत.”

“तां खरां,” ते म्हणाले. मग, “बरां. येतंय मी,” म्हणून वळले. पायांत वहाणा नव्हत्या, हे ते फाटकातून बाहेर पडताना माझ्या लक्षात आलं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. सांगलीकडची. मृदाशास्त्रात एम.एस्सी. करून पुण्याच्या एका संस्थेत लागले होते आणि संस्थेने मला या खाडीकाठच्या गावात पाठवलं होतं. शिकवत कोणालाच नव्हते, पण हातातली वही बघून गाव मला मास्तरनी म्हणायचं. गावाच्या दक्षिणेला चाळीस एकरांचं खाजण होतं. गुणाजीकाकांच्या आजोबांच्या काळात तिथलं कांदळवन, म्हणजे खारफुटीचं रान, तोडून, खाडीला मातीचा बांध घालून, गावाने खारं भात केलं. पुढे पोरं मुंबईला गेली, भात सुटलं. राहिला तो बांध. आत वीस वर्षं खाडीचं पाणी गेलं नव्हतं. उन्हाळ्यात ती जमीन हात-हात खोल फाटायची, वर मिठाचा पांढरा पापुद्रा यायचा आणि चिटपाखरू उतरत नसे. बांध फोडून ती जमीन खाडीला परत द्यायची, वन पुन्हा आणायचं, हे आमचं काम होतं.

बांधात एक लाकडी दार होतं. खाचेत एकावर एक बसवलेल्या सात फळ्या. त्याला उघाडी म्हणत. उघाडीचा मान मोंडकरांच्या घराण्याचा. गुणाजी मोंडकर त्यातले गावात उरलेले शेवटचे. आत घालायला पाणी नाही की बाहेर काढायला पाणी नाही, तरी ते दरवर्षी त्या फळ्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावत.

“बिनकामाच्या दाराक तेल कित्याक?” मी त्यांच्याच बोलीत चिडवायचे.

“तुझी मालवणी आयकून दार आपसूक उघडात,” ते म्हणायचे.

माघातल्या सभेत सगळे पुरुष लगेच ‘हो’ म्हणाले होते. बांध दर दोन वर्षांनी खचायचा आणि दुरुस्तीला माणसं उरली नव्हती. प्रश्न विचारला तो एका बाईने. आनंदीकाकी, गुणाजीकाकांचीच बायको.

“आणि आमचे तिसरे?”

उघाडीच्या बाहेर, खाडीच्या वळणावर, ओहोटीला उघडी पडणारी वाळूची पुळण होती. त्या पुळणीत तिसऱ्यांचे शिंपले, गावाच्या भाषेत तिसरे, आणि पलीकडच्या खडकांवर कालवं. गावातल्या तीस-पस्तीस बायकांचं घर त्यावर चालत होतं. पुरुषांची होडी रिकामी आली तरी बाईची टोपली रिकामी येत नसे.

“तिसऱ्यांना काही होणार नाही,” मी म्हणाले. “उलट वन आलं की वाढतील.”

बायकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या गुणाजीकाकांकडे बघत होत्या. ते उठले, देवळाच्या पायरीला हात लावून म्हणाले, “उघाडी माझी. तिसऱ्यांक कायएक होवचां नाय. झालां तर माका इचारा.”

त्यानंतर आनंदीकाकी मला पुळणीवर न्यायला लागल्या. ओल्या वाळूत उभं राहून पायाच्या बोटांनी शोधायचं. तिसरा हाताला लागण्याआधी पायाला लागतो. पहिल्या दिवशी मी वीसेक काढले आणि अभिमानाने टोपलीत टाकले. काकींनी ते सगळे परत बाहेर काढले. दोन-दोन हातात घेऊन एकमेकांवर वाजवत गेल्या. टक, टक, टक. मग एकाचा आवाज बद्द आला. तो त्यांनी पाण्यात भिरकावला.

“मेलेलो. आतमदी चिकल भरलेलो आसता, तरी तोंड मिटून रवता. जड लागता, जितो वाटता. असो एक जरी टोपात गेलो ना बाय, सगळां कालवण रेवाळ.”

“वाजवल्याशिवाय कळत नाही?”

“तुझ्या त्या यंतरात कळता काय बघ.”

यंत्र म्हणजे माझा सामू मोजायचा मीटर, मातीचा आंबटपणा दाखवणारा; आकडा जितका खाली, तितका आंबटपणा जास्त. फाल्गुनात मी खाजणात अकरा ठिकाणी भोकं पाडून, चार-चार फुटांपर्यंतची माती काढली होती. गुणाजीकाका गिरमिट धरायला यायचे. सातव्या आणि आठव्या भोकात, अडीच फुटांखाली, काळ्या मातीत पिवळ्याधमक रेघा लागल्या. हळद सांडावी तशा.

काकांनी ती माती चिमटीत घेतली, हुंगली आणि टाकून दिली.

“तापलेली जमीन ही. माझो बापूस म्हणायचो, तापलेल्या जमनीक पाणी दाखवताना चारच बोटां फळी उचलूची. तीसुदा भांगाक. एक भरती आत, मगे आठ दीस बंद. परत चार बोटां. उधाणाक उघडलास तर ती वकता.”

“ओकते? म्हणजे काय होतं?”

“तां मी बगूक नाय. बापाशीनय बगूक नाय. कोणी असां करूकच नाय तर दिसतलां कसां?”

मी वहीत लिहिलं: ‘स्थानिक समजूत: तापलेली जमीन. चार बोटं पाणी, भांगाला.’ वरती तारीख घातली. माझं अक्षर चांगलं होतं.

तर त्या अमावास्येला अकरा वाजता पाहुणे आले. आमच्या संस्थेचे परचुरे सर पुण्याहून येऊन त्यांच्या गाडीतच आले होते. नारळ फुटला, फोटो झाले. पावणेबाराला गुणाजीकाका उघाडीवर चढले. अंगावर नुसतं धोतर. पहिल्या फळीला हात घालण्याआधी ते इतका वेळ डोळे मिटून उभे राहिले की परचुरे सरांनी घड्याळ पाहिलं.

“काय झालं यांना?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“प्रार्थना करत असतील.”

काकांनी पहिली फळी चार बोटं उचलली. पाण्याची पातळ चादर आत सरकली. ते थांबले. माझ्याकडे बघितलं.

“पूर्ण, काका,” मी म्हणाले. “सगळ्या.”

त्यांनी सात फळ्या काढल्या. मग जेसीबीने दोन्ही बाजूंना बांध कापला, आणि खाडी आत शिरली. वीस वर्षं तहानलेली जमीन पाणी पिते त्याचा आवाज होतो. भेगांमधून हवा बाहेर येत होती. सगळं खाजण उकळल्यासारखं बुडबुडत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. मीसुद्धा वाजवल्या. बारा दहाला चाळीस एकर पाण्याखाली होते आणि त्यावर कांदळाच्या हिरव्या शेंगा तरंगत आत येत होत्या, शेकड्यांनी.

गुणाजीकाका नव्हते. फळ्या बांधावर ओळीने मांडून ते निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदीकाकी मला बोलवायला आल्या.

“बाय, पाणी बघ गो कसां झालां!”

आमची खाडी गढूळ. बारा महिने चहाच्या रंगाची. घोट्याएवढ्या पाण्यात पाय दिसत नाही. त्या सकाळी उघाडीच्या बाहेर कमरेएवढ्या पाण्याचा तळ दिसत होता. वाळूचा कण न् कण. पाण्याला हलका निळा-हिरवा रंग, काचेसारखा. पोरं त्यात उड्या मारत होती. परचुरे सर अजून गावातच होते. त्यांनी वाकून वाकून फोटो काढले.

“बघितलंस? एका दिवसात!” ते म्हणाले. “अहवालाच्या मुखपृष्ठावर हाच फोटो.”

बांधावर बायका उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या.

“इतकां नितळ बरां न्हय,” एक म्हातारी म्हणाली. “खाडी अशी कदी दिसूक नाय.”

“आजी, पाणी स्वच्छ झालंय,” सर म्हणाले.

“होय तर. मेलेल्या माणसाचां तोंडय स्वच्छच दिसता.”

सर हसले. मी हसू शकले नाही. पाण्यातला गाळ असा एकदम तळाला कधी बसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. अ‍ॅल्युमिनियम सुटलं की. आणि मातीतून अ‍ॅल्युमिनियम कधी सुटतं, तेही त्याच पानावर होतं.

सर गेल्यावर मी मीटर घेऊन पुळणीवर गेले. खाडीचं पाणी आठच्या आसपास असतं. मीटरने दाखवलं तीन पूर्णांक आठ. मी मीटर धुतला, पुसला, पुन्हा बुडवला. तीन पूर्णांक आठ.

तिसऱ्या दिवशी मासे मरून वर आले. आधी बोय, मग शेवटं, मग खडकाखालचे पालू. कल्ल्यांवर गंजासारखा थर होता. कालवं खडकावरच तोंडं उघडून पडली. चौथ्या दिवशी ओहोटीला पुळण उघडी पडली तेव्हा वाळूवर पांढरं पांढरं दिसत होतं. लांबून मिठागर वाटलं असतं. सगळे तिसरे वर येऊन, उघडून मेले होते. शिंपल्या खडूसारख्या झाल्या होत्या. बोटात धरून दाबलं की भुगा.

आनंदीकाकी टोपली घेऊनच आल्या होत्या. त्यांनी दोन शिंपल्या उचलल्या, सवयीने एकमेकींवर वाजवल्या. त्या हातातच मोडल्या.

वास गावात आठवडाभर होता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मांडावर सभा बसली. देवळापुढच्या त्या मोकळ्या जागेत मी इतकी माणसं शिमग्यालासुद्धा पाहिली नव्हती. परचुरे सर पुण्याहून पुन्हा आले होते आणि माझ्या शेजारी बसले होते. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत ती वही.

त्या वहीत काय होतं ते आता सांगते.

फाल्गुनात काढलेली माती मी नियमाप्रमाणे पंधरा दिवस उघड्यावर वाळवून पुन्हा मोजली होती. नऊ भोकांचा सामू सातच्या आसपास होता, निरोगी. सातव्या आणि आठव्याचा दोन पूर्णांक नऊ आणि तीन पूर्णांक एक. लिंबाच्या रसाच्या जवळपास. मला वाटलं मीटर बिघडला. नवीन द्रावण मागवून पुन्हा मोजलं, तेच आलं. त्या पिवळ्या रेघा म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. खाजणाच्या चिखलात गंधक असतं. पाण्याखाली ते निजून असतं, जमीन वाळून हवा लागली की त्याचं आम्ल होतं, आणि पाण्याची वाट बघत बसतं. पण अहवाल सोमवारी द्यायचा होता. दोन भोकांसाठी आणखी शंभर भोकं पाडावी लागली असती, आणखी एक हंगाम गेला असता. मी अकरा आकड्यांची सरासरी काढली. सहा पूर्णांक दोन. ‘माती किंचित आम्लधर्मी, प्रकल्पास योग्य.’

सामूची अशी सरासरी काढत नाहीत. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात. तो आकडा साध्या मोजपट्टीचा नसतो. एकाचा फरक म्हणजे दहापट. चाळीस एकरांच्या मधोमध किती आम्ल साठलंय, ते त्या दोन भोकांनी सांगितलं होतं, आणि मी ते नऊ निरोगी भोकांत मिसळून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी मी हे सांगायचं ठरवून आले होते. शपथेवर सांगते, ठरवून आले होते. वही काढण्यासाठी मी पिशवीत हात घातलाही होता.

“कोणाक इचारूचां?” गर्दीतून एक तरुण ओरडला. “म्हणालेले, माका इचारा. खंय आसत ते?”

“हय आसंय,” गुणाजीकाका म्हणाले.

ते देवळाच्या पायरीवर चढले नाहीत. खालीच, मातीत उभे राहिले.

“गाववाल्यांनू, माझ्या हातान झालां ह्यां. त्या दिवशी सकाळी पाच वाजता मुंबयसून पुतण्याचो फोन इलो. माझो धाकलो भाव, म्हादेव, रातीत गेलो. माका सुतक होतां. मी कोणाक सांगूक नाय. घरातय सांगूक नाय. सुतकाच्या हातान मी उघाडी उघडलंय.”

मग बायकांमधून एक आवाज आला, किंचाळल्यासारखा, “अवो, म्हादेव भावोजी?” आनंदीकाकी होत्या. दीर गेल्याचं त्यांना त्या क्षणी कळत होतं.

दहा-बारा दिवस का, आठ का नाही, ते मला तेव्हा समजलं. कप का घेतला नाही, ते. वहाणा, अंगणातलं चार पावलांचं अंतर, सगळं.

“फोन इलो तेवाच सांगूचां होतास!” कोणीतरी म्हणालं.

“सगळां ठरलेलां होतां,” काका म्हणाले. “मास्तरनीक शब्द दिल्लोलो. पावणे येवचे होते. म्हटलां, देव समजून घेतलो. देवान समजून घेवक नाय.”

त्यांनी माझं नाव घेतलं, पण दोष दिला नाही. सकाळी येऊन ‘पुढे ढकलूया’ म्हणाले होते, तेही बोलले नाहीत.

मी उठायला लागले. परचुरे सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“बस,” ते पुटपुटले. “त्यांचं त्यांनी मिटवलंय. तू मध्ये पडलीस तर इथलंच नाही, पुढची तीन खाजणं जातील. शांतपणे विचार कर.”

मनगट सोडवून घेता आलं असतं. त्यांनी ते घट्ट धरलेलं नव्हतं. मी बसले.

गावाने काही शिक्षा केली नाही. ती काकांनी स्वतःच सांगितली. उघाडीच्या सात फळ्या देवळात आणून ठेवायच्या, आणि त्यांनी पुन्हा खाडीत पाय घालायचा नाही. कोणी ‘नको’ म्हणालं नाही.

सभा उठल्यावर मी विहिरीकडच्या वाटेने घाईने निघाले. ते मागून आले. चार पावलं लांब थांबले, त्या सकाळसारखेच.

“मास्तरनी.”

“काका, तुमच्या भावाचं...”

“तां ऱ्हवांदे. एक इचारतंय. तू रोज लिवतंस. माती लिवलंस, पाणी लिवलंस. तुझ्या वहीत दुसरां कायतरी कारण आसतलां. आसात तर सांग. मी कोणाक बोलूचंय नाय. माझ्यापुरतां सांग.”

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यावर राग नव्हता. तहानलेला माणूस घागरीकडे बघतो तसे ते माझ्या पिशवीकडे बघत होते.

एक वाक्य पुरलं असतं. ‘काका, सुतकाचा काही संबंध नाही; तुमच्या बापाचं खरं होतं आणि मला ते ठाऊक होतं.’ एवढंच.

“नाही, काका,” मी म्हणाले. “वहीत काही नाही.”

त्यांनी मान हलवली. “बरां,” म्हणाले. “म्हंजे माझांच.” आणि गेले.

पंधरा दिवसांत संस्थेने मला दुसरीकडे पाठवलं. आमच्या अहवालात ‘सुरुवातीच्या काळातील तात्पुरती मत्स्यहानी’ असे शब्द आले. ते माझे नव्हते, पण मी खाली सही केली. पुढच्या प्रत्येक खाजणात मी शंभर भोकं पाडली, आणि पाणी चार बोटांनीच आत घेतलं. त्या पद्धतीवर माझा शोधनिबंध आहे. तो बराच वाचला जातो.

चौदा वर्षांनी, वैशाखातच, मी त्या गावी परत गेले. वनाच्या मातीत कार्बन किती साठलाय ते मोजायचं होतं. बांध कुठे होता ते शोधावं लागलं. चाळीस एकरांत कांदळ दोन पुरुष उंच झाला होता. मुळांच्या कमानींखाली खेकडे, निवट्या. वर बगळ्यांची घरटी. इतकं दाट वन मी दुसरीकडे उभं केलेलं नाही.

आनंदीकाकी पुळणीच्या काठावर बसल्या होत्या. सत्तरीच्या झाल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं.

“इलंस? बस.”

ओहोटी लागली होती. त्यांच्याजवळ टोपली होती, रिकामी.

“तिसरे?” मी विचारलं.

“खंयचे? आता वाळू खंय ऱ्हवली? तुझ्या रानान सगळो गाळ धरल्यान. तरी अमावाशेक येतंय. पायांक सवय.”

“काका?”

“जावन तीन वर्सां झाली. लेकीकडे होतो, घाटावर. खाडी दिसता म्हणून हय ऱ्हवाक तयार नव्हतो. मासोय खावक नाय परत.”

मग मी सांगितलं. पिवळ्या रेघा, दोन भोकं, सरासरी, मनगटावरचा हात, विहिरीची वाट. काही गाळलं नाही. बोलत असताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, समोर उघड्या पडत चाललेल्या चिखलाकडे बघत होते.

त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, “चार बोटां उघडली आसती तर?”

“तर काही झालं नसतं.”

“तां तर तो सांगी होतो.”

“हो.”

त्यांनी रिकामी टोपली उपडी करून झटकली. मग म्हणाल्या, “सुतक धा दिसांचां आसता, बाय. तेणां अकरा वर्सां पाळल्यान.”

मला वाटलं आता त्या शिव्या देतील, थुंकतील, देवळात चल म्हणतील. मी तयारीने आले होते. त्या फक्त उठल्या, लुगड्याचा काष्टा आवळला, आणि चिखलात उतरल्या.

“बघतंस काय? उतर.”

मी चपला काढल्या आणि उतरले. गुडघ्यापर्यंत गाळ. आम्ही पायाच्या बोटांनी शोधत, पाऊल पाऊल सरकत होतो, एकमेकींपासून हातभर अंतरावर. ऊन कललं. पाणी वळायला लागलं तेव्हा माझ्या अंगठ्याला काहीतरी गुळगुळीत, टणक लागलं. वाकून मी ते वर काढलं. तिसराच होता. मोठा, जड, तोंड घट्ट मिटलेला.

“काकी!”

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. जोडीला वाजवायला दुसरा नव्हता, म्हणून कमरेची कोयती काढून तिचं पातं त्याच्यावर आपटलं. कान लावून ऐकलं. पुन्हा एकदा आपटलं.

“चिकल,” त्या म्हणाल्या, आणि तो माझ्या तळहातावर परत ठेवला.